चॅटमधले मेसेज हरवतात, दोनदा येतात, मागेपुढे लागतात: वेबसॉकेट बदलून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा: ॲपमध्ये वेबसॉकेटवर, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातल्या सतत उघड्या दुतर्फा जोडणीवर, चॅट बांधलं आहे. ऑफिसच्या वायफायवर ते सुरळीत चालतं, पण लोकांच्या हाती गेल्यावर काही मेसेज गायब होतात, काही दोनदा दिसतात, तर कधी उत्तर आधी आणि प्रश्न नंतर लागतो. तेव्हा वेबसॉकेट सोडून एक्सएमपीपी किंवा एमक्यूटीटी यांपैकी मेसेज पोचवण्याचा दुसरा प्रोटोकॉल घ्यावा का?

एवढ्यासाठी घेऊ नका. घेतलंत तरी हे दुखणं तिथेही मागे येईल. तुमच्या वर्णनावरून दिसतं ते असं की सर्व्हरने सॉकेटवर लिहिलं म्हणजे समोरच्याला मिळालं, असा हिशेब धरलेला आहे. हा हिशेब उलटा करायला हवा. मेसेज राहतो डेटाबेसमध्ये, स्वतःचा क्रमांक घेऊन. सॉकेटचं काम फक्त "नवीन आलंय, घेऊन जा" हे लवकर कळवण्याचं. चॅट हे मुळात सिंकचं, म्हणजे सगळीकडची नोंद सारखी राखण्याचं, काम आहे. एकदा ते तसं बांधलं की खाली वेबसॉकेट आहे की आणखी काही, याने फारसं बिघडत नाही.

आधी तिन्ही लक्षणांची कारणं वेगळी करू, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत.

सॉकेटवर लिहिणं यशस्वी झालं याचा अर्थ इतकाच, की ते बाइट आपल्याच यंत्राच्या कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जाऊन पडले. फोनपर्यंत पोचले का, ॲपने वाचले का, हे त्यावरून कळत नाही. वेबसॉकेट ज्यावर चालतं ते टीसीपी कनेक्शन ओळखलं जातं ते दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांवरून. माणूस वायफायच्या टप्प्याबाहेर गेला आणि फोन मोबाइल डेटावर आला की त्याचा पत्ता बदलतो, जुनं कनेक्शन मरतं, आणि ते मेल्याची वर्दी सर्व्हरला कोणी देत नाही. लिनक्सवर कर्नल तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो १५ वेळा प्रयत्न करतो आणि हार मानायला साधारण १५ मिनिटं घेतो. पाठवायला काहीच नसेल तर त्याहून वाईट: टीसीपीचा कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का याची चौकशी) चालू केलेला असला तरी पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तेवढा वेळ सर्व्हर त्या माणसाला ऑनलाइन समजून मेसेज पोकळीत टाकत राहतो. तुमचे हरवलेले मेसेज बहुधा हेच.

दोनदा येणारे मेसेज म्हणजे याचीच दुसरी बाजू. फोनने मेसेज पाठवला, सर्व्हरने साठवला, पण सर्व्हरची पोच परत येताना वाटेत कनेक्शन तुटलं. आता "मेसेज पोचलाच नाही" आणि "पोचला, पण पोच हरवली" या दोन गोष्टी फोनच्या बाजूने हुबेहूब सारख्या दिसतात. त्यांत फरक करण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून फोनने पुन्हा पाठवलंच पाहिजे, आणि आलेला मेसेज जुनाच आहे हे ओळखण्याची जबाबदारी सर्व्हरची.

क्रम चुकण्याला कारणं बरीच. फोनच्या घड्याळावर क्रम लावला असेल तर एखाद्याचं घड्याळ चार मिनिटं मागे असणं पुरतं. एकाच माणसाचे दोन मेसेज समांतर विनंत्यांनी गेले आणि पहिला अडखळला, तरी दुसरा पुढे जातो. तिसरं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, त्याकडे पुढे येतो.

आता प्रोटोकॉल बदलण्याविषयी. आयआरसी हे जुनं चॅट-तंत्र १९८८ सालचं. त्यात साठवणूक नव्हतीच. तुम्ही जोडलेले नसाल तर त्या वेळचं बोलणं तुमच्यापुरतं संपलं. १९९६ साली आलेल्या आयसीक्यू या चॅट प्रोग्रॅममध्ये ऑफलाइन माणसासाठी मेसेज सर्व्हरवर राखून ठेवण्याची सोय झाली. जॅबर हे खुलं चॅट-तंत्र १९९९ साली जाहीर झालं, आणि २००४ मध्ये तेच एक्सएमपीपी या नावाने इंटरनेटचं मानक झालं. या मानकाच्या गाभ्यातही "मेसेज नक्की मिळाला" याची हमी नव्हती. ती पुढे क्रमांक दिलेल्या जोडपत्रांतून (एक्सईपी) आली: कनेक्शनवरची पोच आणि तुटलेलं सत्र पुन्हा जोडणं ०१९८ मध्ये, समोरच्याकडून मिळाल्याची पावती ०१८४ मध्ये, एकाच माणसाच्या अनेक उपकरणांना प्रती ०२८० मध्ये आणि सर्व्हरवरचं दप्तर, म्हणजे जुन्या मेसेजचा संग्रह, ०३१३ मध्ये. म्हणजे तुम्ही आज ज्या खड्ड्यात आहात त्यातूनच ते लोकही गेले, आणि बाहेर पडण्यासाठी त्यांनी पोच, क्रमांक आणि दप्तर हेच बांधलं. एक्सएमपीपी घेतलंत आणि ही चार जोडपत्रं सर्व्हर व क्लायंट दोन्हीकडे चालू केली नाहीत, तर मेसेज हरवतच राहतील.

एमक्यूटीटीही १९९९ चंच, तेलवाहिन्यांवरच्या यंत्रांची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी बनवलेलं. फार हलकं आहे, प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीचं ठरावीक शीर्षक (फिक्स्ड हेडर) अवघ्या २ बाइटपासून सुरू होतं. त्यातली पोचवण्याच्या हमीची पातळी १ "किमान एकदा" पोचवते, म्हणजे दोनदाही पोचवू शकते. पातळी २ "नेमकं एकदा" म्हणते खरी, पण ते वचन क्लायंट आणि ब्रोकर (मेसेज वाटणारा मधला सर्व्हर) यांच्यापुरतं. ब्रोकरकडून तुमच्या डेटाबेसपर्यंत आणि तिथून समोरच्याच्या फोनमधल्या डेटाबेसपर्यंत ते वचन पोचत नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. चॅट हाच तुमचा धंदा नसून ॲपमधला एक कोपरा असेल, आणि त्यावर दोघेतिघेच काम करत असतील, तर ईजॅबरडी, प्रोसोडी (दोन्ही एक्सएमपीपीचे सर्व्हर) किंवा मॅट्रिक्स या दुसऱ्या खुल्या चॅट प्रोटोकॉलचा तयार सर्व्हर घेणं शहाणपणाचं. फक्त तो सांभाळणारं कोणीतरी हवं. वापर अगदी तुरळक असेल, तर दर ३ ते ५ सेकंदांनी "मेसेज क्रमांक ११८ नंतरचं काही आहे का" असं विचारणारी साधी एचटीटीपी विनंतीसुद्धा चालते. क्रमांक धरून केलेलं पोलिंग हे क्रमांकाशिवायच्या वेबसॉकेटपेक्षा कितीतरी भरवशाचं असतं. ऐकायला मागासलेलं वाटतं, पण खरं आहे. पुढचं सगळं मात्र असं धरून लिहितो, की सध्याचं वेबसॉकेट ठेवून तुम्हाला घर नीट करायचं आहे.

पाठवण्यापासून सुरू करू. बटण दाबलं की सॉकेटला हात लावण्याआधी मेसेज फोनमधल्या डेटाबेसच्या "जायचे आहेत" या तक्त्यात लिहा आणि त्याला फोनवरच एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळखक्रमांक) द्या. हा ओळखक्रमांक पहिल्या प्रयत्नाला जो, तोच दहाव्या प्रयत्नालाही. प्रत्येक प्रयत्नाला नवा बनवला तर सगळी मेहनत पाण्यात. आणि ही चूक वारंवार दिसते, कारण यूयूआयडी बनवणारी ओळ पाठवण्याच्या फंक्शनमध्ये लिहिलेली असते. नोंद तक्त्यातून काढायची ती सर्व्हरची पोच आल्यावरच. पोच १० सेकंदांत आली नाही तर पुन्हा पाठवा. एका संभाषणातला एकच मेसेज एका वेळी वाटेवर ठेवा, किंवा अनेक असतील तर एकाच गठ्ठ्यात क्रमाने पाठवा. समांतर पाठवण्यामुळे उलटा लागणारा क्रम इथेच थांबतो. फोटोंना या रांगेत अडकवू नका. फोटो वेगळ्या विनंतीने आधी चढवा आणि तो चढला की त्याचा दुवा असलेला छोटा मेसेज रांगेत टाका. ८ एमबीच्या फोटोमागे "हो" अडकून पडलेलं कोणालाच आवडत नाही.

सर्व्हरवर पाठवणारा आणि त्याचा यूयूआयडी यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा डेटाबेसचा नियम) लावा. जोडी आधीच असेल तर नवी नोंद करायची नाही, पण पोच मात्र द्यायची, आणि तीही जुन्याच क्रमांकासह. बरेच जण इथे "डुप्लिकेट" अशी एरर परत पाठवतात. मग फोनवर मेसेजपुढे लाल खूण येते, माणूस तोच मजकूर हाताने पुन्हा टाइप करतो आणि दोनदा येणारे मेसेज पुन्हा हजर. पोच पाठवायची ती डेटाबेसमधला व्यवहार कमिट, म्हणजे पक्का, झाल्यावर. आधी पाठवलीत आणि कमिट फसलं तर तुम्ही फोनला चक्क खोटं सांगितलंत.

आता क्रम चुकण्याचं मघाचं तिसरं कारण. क्रमासाठी डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक किंवा सर्व्हरची वेळ वापरली, तर एक बारीक फट राहते. समजा दोन व्यवहार एकाच वेळी चालू आहेत. एकाला १०१ मिळाला, दुसऱ्याला १०२. पण १०२ आधी कमिट झाला. त्या क्षणी एखाद्या फोनने "नवीन काय" विचारलं तर त्याला १०२ मिळतो आणि तो "१०२ पर्यंत झालं" अशी नोंद करतो. पुढे १०१ कमिट होतो, पण त्याच्याकडे तो फोन पुन्हा कधीच वळून बघत नाही. भार वाढला की महिन्यातून चार-दोनदा होणारी आणि चाचणीत कधीच न सापडणारी गळती ही अशी.

उपाय सरळ आहे. प्रत्येक संभाषणाच्या ओळीत "शेवटचा क्रमांक" ठेवा. मेसेज आला की व्यवहार सुरू करून ती ओळ कुलूपबंद करा, यूयूआयडी आधीच आहे का ते बघा, नसेल तर क्रमांक एकाने वाढवा, मेसेज लिहा, कमिट करा. कुलूप कमिटपर्यंत टिकतं, त्यामुळे क्रमांकांचा क्रम आणि कमिटचा क्रम एकच राहतो. यूयूआयडीची तपासणी क्रमांक वाढवण्याच्या आधी हवी. नाहीतर प्रत्येक डुप्लिकेटमागे एक क्रमांक वाया जाऊन मध्ये भोक पडतं. एका संभाषणात सेकंदाला काही डझन मेसेज येईपर्यंत हे कुलूप अजिबात जाणवत नाही. हजारो लोकांच्या खुल्या गटात जाणवेल, पण तो वेगळाच प्रश्न आहे.

मेसेज दुरुस्त करणं, पुसणं, त्यावर प्रतिक्रिया देणं यांनाही याच माळेतले स्वतंत्र क्रमांक द्या. मूळ ओळ नुसती बदललीत, तर १५० पर्यंत आलेल्या फोनला १२० व्या मेसेजमधली दुरुस्ती कधी कळणारच नाही.

घेणाऱ्या बाजूला प्रत्येक उपकरण "या संभाषणात माझ्याकडे कुठपर्यंत आहे" हा एकच आकडा राखतं. नवं कनेक्शन झालं की आधी थेट मेसेज ऐकायला सुरुवात करा आणि मग मागची बाकी मागवा. उलट केलंत तर बाकी घेणं आणि ऐकणं यांच्या मधल्या क्षणात आलेला मेसेज दोन्हीकडून निसटतो. दोन्हींत एखादा सामाईक आला तर हरकत नाही, क्रमांकावरून गाळता येतो. थेट आलेला मेसेज १२१ आहे आणि तुमच्याकडे ११८ पर्यंतच आहे, तर आकडा पुढे ढकलू नका. ११९ पासूनचे आधी मागवा. एका वेळी १०० ते २०० नोंदी पुरे. एका माणसाची शेकडो संभाषणं असतील तर प्रत्येकाची चौकशी महाग पडते. तेव्हा दर माणसामागे घडामोडींची एकच माळ ठेवा आणि तिचा एकच आकडा विचारा.

पडद्यावरचा क्रम सर्व्हरच्या क्रमांकानेच लावा. पोच न आलेले आपले मेसेज खाली, फोनवरच्या क्रमाने. वेळ फक्त दाखवण्यापुरती.

हार्टबीटच्या, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का हे बघणाऱ्या ठोक्यांमध्ये अंतर किती ठेवावं? ॲप उघडं असताना २५ ते ३० सेकंद. सर्व्हरपुढे उभ्या केल्या जाणाऱ्या एन्जिनएक्समध्ये प्रॉक्सीवर (मध्यस्थावर) काही न वाचता बसण्याची मुदत मुळात ६० सेकंद असते. त्यात एखादा ठोका चुकला तरी दुसरा बसायला हवा. वेबसॉकेटच्या मानकात पिंग-पाँग ("आहेस का" आणि "आहे") आहेत, पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही. तिथे साध्या मेसेजसारखाच स्वतःचा पिंग करावा लागतो. लागोपाठ दोन उत्तरं चुकली की कनेक्शन स्वतःहून तोडा, टीसीपीची वाट बघत बसू नका. सर्व्हरच्या उत्तरात त्या माणसाचा सर्वात ताजा क्रमांकही द्या. याचं कारण असं: अनेक सर्व्हरांमध्ये मेसेज फिरवायला रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसचं पब-सब (ऐकणाऱ्या सगळ्यांना निरोप वाटण्याची सोय) वापरलं तर ते काही साठवत नाही, हरवलं ते हरवलं. मधला मेसेज हरवला तर पुढचा आल्यावर भोक दिसतं; शेवटचाच हरवला तर पुढे काही येतच नाही आणि कोणाला पत्ता लागत नाही. ठोक्याबरोबर आकडा आला की ३० सेकंदांत तेही उघड होतं.

पुन्हा जोडण्याचे प्रयत्न १, २, ४, ८ असे वाढवत ६० सेकंदांपर्यंत न्या, आणि प्रत्येक वेळी शून्य ते त्या आकड्यादरम्यान यादृच्छिक थांबा. नाहीतर सर्व्हर नव्याने सुरू केला की पन्नास हजार फोन एकाच क्षणी दारावर आदळतात, तो पुन्हा झोपतो, आणि हे चक्र चालू राहतं. मोजणी परत १ वर आणायची ती कनेक्शन जुळल्याबरोबर नाही. ते अर्धा मिनिट टिकल्यावर.

ॲप मागे गेलं की सॉकेट जिवंत ठेवण्याचा अट्टहास सोडा. आयफोन ते थोड्याच वेळात थांबवतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून डोझ आहे, म्हणजे पडून असलेल्या फोनवर ॲपचं नेटवर्क रोखणारी बॅटरीबचत. तिथून पुढे पुश, म्हणजे गूगल-ॲपलमार्फत येणारी सूचना. पण पुश म्हणजे दारावरची टकटक, तेवढंच. ते उशिरा येतं, एकत्र होतं, कधी येतच नाही. गूगलच्या सेवेत फोन बंद असताना १०० पेक्षा जास्त सूचना साठल्या की साठलेल्या सगळ्या टाकून दिल्या जातात आणि ॲपला तसं कळवलं जातं. तो निरोप आला की पूर्ण सिंक करा. ॲपलकडे साध्या पुशची मर्यादा ४०९६ बाइट आहे. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि "क्ष" ही तीन चिन्हं मिळून ९ बाइटांचा होतो, त्यामुळे ही मर्यादा वाटते त्याहून लवकर संपते. पुशमध्ये संभाषणाचा ओळखक्रमांक, मेसेजचा क्रमांक आणि छोटी झलक एवढंच घाला. आणि झलक बाइट मोजून कापू नका; अक्षर मध्येच तुटून चौकोन दिसतात.

बरोबरच्या खुणांचे अर्थ आधी कागदावर ठरवा. घड्याळ: फोनच्या रांगेत. एक खूण: सर्व्हरवर कमिट. दोन खुणा: समोरच्या उपकरणाने आपल्या डेटाबेसमध्ये लिहून पोच दिली. वाचल्याची खूण: मजकूर खरोखर पडद्यावर आला. सॉकेटवर लिहिल्याबरोबर दोन खुणा दाखवणं हीच सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण मग हरवलेल्या मेसेजवरही "मिळाला" असं दिसतं आणि लोकांचा खुणांवरचाच विश्वास उडतो. साठवताना दर मेसेजमागे ओळ नको. दर सदस्यामागे "मिळालं इथपर्यंत" आणि "वाचलं इथपर्यंत" असे दोन आकडे पुरतात. २०० जणांच्या गटात दर मेसेजला २०० ओळी वाढवण्याऐवजी एकूण २०० ओळी राहतात. हे आकडे फक्त वरच जातील असं बघा; उशिरा पोचलेल्या जुन्या पोचेने ते खाली येता कामा नयेत.

पुढे टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्शन घालायचं असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या पद्धतीत प्रत्येक मेसेजची किल्ली एकदाच वापरून फेकली जाते. किल्ली वापरली, मजकूर उलगडला आणि साठवण्याआधी ॲप कोसळलं, तर तो मेसेज त्या फोनवर कायमचा गेला. म्हणून उलगडलेला मजकूर आणि किल्ल्यांची नवी अवस्था एकाच व्यवहारात लिहा, पोच त्यानंतर द्या, आणि डुप्लिकेट उलगडण्याआधीच गाळा.

शेवटी चाचणी, कारण ऑफिसच्या वायफायवर यातलं काहीच दिसणार नाही. लिनक्सवर टीसी नेटेम (नेटवर्क मुद्दाम बिघडवण्याचं साधन) वापरून ५०० मिलिसेकंद उशीर आणि १० टक्के गळती लावा. कनेक्शन तोडून बघताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) नकार देणारा नियम वापरू नका, गुपचूप पॅकेट टाकून देणारा वापरा. खरं नेटवर्क असंच मुकाट्याने मरतं. सर्व्हरच्या कोडमध्ये कमिट आणि पोच यांच्या मधोमध एक ठिकाण ठेवा, जिथे चाचणीपुरती प्रक्रिया मारता येईल. फोनवर पाठवा दाबताच ॲप बंद करा, विमान मोड चालू-बंद करा, एका फोनचं घड्याळ तासभर मागे न्या. भाराची चाचणी एकाच यंत्रावरून करत असाल तर साधारण २८ हजार कनेक्शनांवर ती अडकेल. तो दोष सर्व्हरचा नाही, चाचणी करणाऱ्या यंत्राचे पोर्ट संपलेले असतात. आणि सर्व्हर जेमतेम हजारावर अडकला तर उघड्या फाइलींची १०२४ ची मर्यादा वाढवायची राहिली आहे.

हे सगळं चालू ठेवून दोन फोनांवरून १ ते १००० असे क्रमांक लिहिलेले मेसेज एकमेकांना पाठवा. नेटवर्क मोकळं करून दोन मिनिटं थांबा आणि दोन्ही फोनांतले डेटाबेस काढून ताडून बघा: दोन्हीकडे २००० नोंदी, एकही दुबार नाही, आणि क्रम तंतोतंत एक. १९९९ निघाले, तर हरवलेला क्रमांक आधी सर्व्हरच्या तक्त्यात शोधा. तिथे असेल तर घोळ घेणाऱ्याच्या आकड्यात आहे. नसेल तर पाठवणाऱ्याच्या रांगेत.